बेन्नू : दगडांच्या एका राशीचा अभ्यास

दुर्बिणीतून पाहिले असता लघुग्रह हा प्रकाशाचा केवळ एक ठिपका दिसतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो हळूहळू सरकतो, म्हणून तो तारा नव्हे एवढे कळते. त्याचा रंग, त्याच्या तेजातील चढउतार आणि त्याच्यापासून येणारी उष्णता मोजून आणखी काही अनुमाने बांधता येतात. परंतु त्याच्या अंगावर वाळू आहे की खडक, खळगे आहेत की उंचवटे, हे त्या ठिपक्यावरून दिसत नाही. म्हणूनच एखादे अंतराळयान लघुग्रहापाशी पोहोचून छायाचित्रे पाठवू लागते, तेव्हा आधीची सारी अनुमाने एकाच वेळी परीक्षेला बसतात. अशाच एका परीक्षेची हकीकत येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. लघुग्रहाचे नाव बेन्नू आणि त्याच्याकडे गेलेल्या नासाच्या यानाचे नाव ओसायरिस-रेक्स.

शालेय पुस्तकांत लघुग्रहांची ओळख बहुधा एका वाक्यात आटोपते : मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरणारे लहानमोठे खडक. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. काही लघुग्रह त्या पट्ट्यातून निसटून आत आले आहेत आणि त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या जवळून जातात. बेन्नू हा त्यांपैकी एक. ११ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील लिनिअर या आकाशनिरीक्षण प्रकल्पात त्याचा शोध लागला. त्याचा सरासरी व्यास सुमारे ४९० मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही. सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा तो साधारण १.२ वर्षांत पूर्ण करतो आणि स्वतःभोवती ४.३ तासांत एकदा फिरतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम साडेचार टक्के प्रकाश परत फिरतो. इतकी काळी वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यात क्वचितच येते.

त्याला नाव मिळाले ते २०१३ साली, विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या एका स्पर्धेतून. यानाचा पुढे आलेला लांब हात आणि दोन्ही बाजूंचे सौरपंख पाहून नॉर्थ कॅरोलिना राज्यातील नऊ वर्षांच्या एका मुलाला प्राचीन इजिप्तच्या कथांतील बेन्नू हा बगळ्यासारखा पक्षी आठवला. शाळेच्या स्मरणिकेत ही गोष्ट नोंदविल्याविना पुढे जाणे आम्हांला जमले नाही. पुढे या लघुग्रहावरील शिलाखंडांना आणि विवरांना नावे देताना पक्ष्यांचाच धागा धरण्यात आला. अरबी कथांतला अजस्र रॉक, इराणी परंपरेतला सीमुर्ग, उत्तर युरोपच्या ओडिन देवाचे हुगिन आणि मुनिन हे दोन कावळे, असे निरनिराळ्या लोकांच्या कल्पनेतले पक्षी आता त्या काळ्या दगडांवर येऊन बसले आहेत.

यान ८ सप्टेंबर २०१६ रोजी निघाले. त्याला बेन्नूवरील माती-खडे उचलून पृथ्वीवर आणावयाचे होते, आणि त्यासाठी पृष्ठभाग कसा असेल याचा अंदाज निघण्यापूर्वीच बांधणे भाग होते. त्या अंदाजाला दोन आधार होते. पहिला रडारचा. बेन्नू पृथ्वीजवळून गेला असता पाठविलेल्या रडारलहरींच्या प्रतिध्वनींवरून त्याचा आकार भोवऱ्यासारखा असल्याचे आधीच समजले होते. पृष्ठभाग बऱ्यापैकी गुळगुळीत वाटत होता आणि एकच मोठा शिलाखंड ओळखू येत होता. दुसरा आधार उष्णतेचा होता, आणि तो थोडा विस्ताराने समजून घेण्यासारखा आहे.

उन्हाळ्यात नदीकाठची वाळू दुपारी पाय भाजून काढते, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवते. काळ्या पाषाणाची भिंत मात्र सावकाश तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवते. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यामुळे उष्णता आत शिरत नाही आणि वरचा थर तेवढा तापतो. सलग दगडात ती खोलवर जाते व सावकाश बाहेर पडते. तापण्या-निवण्याला पदार्थाचा जो विरोध, त्याला औष्णिक जडत्व म्हणतात. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने बेन्नूपासून येणारी उष्णता मोजली, तेव्हा हे जडत्व बरेच कमी निघाले. सलग खडक असता तर ते कितीतरी अधिक असावयास हवे होते. त्यावरून पृष्ठभागावर बहुतांशी सेंटिमीटरभर आकाराची बारीक खडी असावी, असा निष्कर्ष काढण्यात आला. रडारचे म्हणणेही त्याला अनुकूल होते. ५० मीटर रुंदीच्या मोकळ्या जागा सहज सापडतील असे गृहीत धरून यानाची उतरण्याची पद्धत ठरली.

३ डिसेंबर २०१८ रोजी यान बेन्नूपाशी पोहोचले, आणि छायाचित्रांत जे दिसले त्यात मोकळी जागा जवळजवळ नव्हतीच. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत शिलाखंडांची दाटी. दहा मीटरांहून मोठे शिलाखंडच दोनशेहून अधिक. त्यांतला सर्वांत मोठा, रॉक, सुमारे ९५ मीटर लांबीचा. त्यांच्या मधल्या फटींतही लहान दगड, आणि त्या दगडांच्या फटींत आणखी लहान दगड. वाळूचा किनारा अपेक्षिला होता, तेथे दरड कोसळून पडलेला डोंगर दिसला.

मग उष्णतेचे मोजमाप चुकले होते काय? यानाने जवळून पुन्हा मोजले, तेव्हा औष्णिक जडत्वाचा आकडा जवळपास तोच आला. म्हणजे मोजमाप बरोबर होते, त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकला होता. कमी जडत्व म्हणजे बारीक कण, ही सांगड पृथ्वीवरच्या आणि चंद्रावरच्या अनुभवातून आलेली होती. बेन्नूवरचे शिलाखंड दिसावयास खडक असले तरी आतून पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ आहेत. उष्णता त्यांच्यातून नीट वाहत नाही. मोठा दगडसुद्धा वाळूसारखा तापतो आणि वाळूसारखा निवतो. असे दगड आमच्या ओळखीचे नाहीत, कारण अशा कच्च्या दगडाची अशनी झाली तर ती वातावरणातून खाली येईतो बहुधा फुटून विखुरते. आपल्या संग्रहालयांत पोहोचतात ते पक्के दगड. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे असे आम्हांला वाटते, कारण आकडा आणि त्या आकड्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारी उदाहरणे थोडी मिळतात.

बेन्नूची घनता मोजल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. त्याचे वस्तुमान सुमारे ७.३ कोटी टन, आणि घनता पाण्यापेक्षा जेमतेम अधिक, दर घन सेंटिमीटरला १.१९ ग्रॅम. एवढी कमी घनता असेल तर त्याच्या आकारमानाचा निम्म्याच्या आसपास भाग रिकामाच असला पाहिजे. बेन्नू हा एक खडक नसून दगडांची रास आहे. पूर्वी कधीतरी शंभर किलोमीटरांहून मोठा असा एक मूळ लघुग्रह मोठ्या टकरीत फुटला आणि त्याचे काही तुकडे परस्परांच्या क्षीण गुरुत्वाकर्षणाने पुन्हा गोळा झाले, अशी त्याच्या जन्माची आजची उपपत्ती आहे. अशा राशी असतात हे बेन्नूमुळेच प्रथम कळले असे नव्हे. जपानचे हायाबुसा हे यान २००५ साली इटोकावा या लघुग्रहापाशी गेले होते, तेव्हाच लघुग्रह ही दगडांची रास असू शकते हे डोळ्यांना दिसले. परंतु इटोकावावर बारीक खड्यांचे सपाट पट्टे तरी होते. बेन्नूवर तेही नाहीत. दुसऱ्या जपानी यानाला, हायाबुसा-२ ला, २०१८ सालीच ऱ्युगू या लघुग्रहावर असाच धक्का बसला आणि उतरण्याचा बेत काही महिने पुढे ढकलावा लागला.

छायाचित्रे बारकाईने पाहू लागल्यावर ही रास स्वस्थ पडलेली नाही हे दिसू लागले. ६ जानेवारी २०१९ रोजी, यानाचा मार्ग ठरविण्यासाठी घेतलेल्या ताऱ्यांच्या छायाचित्रांत काही ठिपके असे आढळले की जे कोणत्याही ताऱ्याच्या जागी बसत नव्हते. ते बेन्नूवरून उडालेले खडे होते. सुईच्या टोकाएवढ्या कणांपासून मुठीएवढ्या खड्यांपर्यंत निरनिराळ्या आकारांचे. काही कायमचे निघून गेले, काही बेन्नूभोवती चार-दोन फेऱ्या मारून पुन्हा खाली पडले. बेन्नूचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे, पृथ्वीच्या एक लक्षांशाहूनही कमी, की सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगाने निघालेली वस्तूही परत येत नाही. रांगणारे मूलही याहून वेगाने जाते.

हे खडे उडतात कशाने? लहान उल्काकणांचा मारा हे एक संभाव्य कारण आहे. दुसरे कारण ऊन. बेन्नूवर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि रात्री शून्याखाली सत्तरच्या आसपास उतरते. आणि दुपार व रात्र यांच्यामध्ये दोन तास फार तर. दगडाचा वरचा थर प्रसरण पावतो, आकसतो, पुन्हा प्रसरण पावतो, आणि अखेर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. असे पापुद्रे सुटलेले शिलाखंड छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. शिलाखंडांवरील भेगांची मोजणी केली, तेव्हा त्यांतील पुष्कळ भेगा वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या निघाल्या. टकरींनी पडलेल्या भेगा साऱ्या दिशांना सारख्याच असत्या. एकच दिशा धरून पडलेल्या भेगा ऊन ज्या क्रमाने येते-जाते त्याची खूण आहेत.

रासही घरंगळत असते. मध्य अक्षांशांवरील दगडगोटे विषुववृत्ताकडे सरकल्याच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. काही मोठ्या शिलाखंडांच्या चढाकडील अंगाला खडे येऊन अडकले आहेत, जसा ओढ्याच्या धारेत एखाद्या धोंड्याला वरच्या बाजूने पालापाचोळा अडकावा. बेन्नूचे स्वतःभोवती फिरणे सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म दाबामुळे अत्यंत सावकाश वाढत आहे, दर शतकाला त्याचा दिवस साधारण एका सेकंदाने लहान होतो. फिरण्याचा वेग वाढला की मध्यभाग हाच उतार बनतो आणि सैल माल तिकडे जातो. त्याच्या कमरेवरचा तो कंगोरा आणि भोवऱ्यासारखा आकार यांचा संबंध या फिरण्याशी आहे.

विवरांविषयी बोलताना आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आठवण अपरिहार्य आहे. दख्खनच्या कठीण बेसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आपल्यापैकी अनेकांनी काठावर उभे राहून पाहिले आहे. तेथे आघाताला सलग खडक फोडावा लागला. बेन्नूवर गोष्ट निराळी आहे. लहान आकाराचा उल्कापाषाण येऊन आदळला तर तो बहुधा एखाद्या शिलाखंडावरच आदळतो. त्याचा जोर तो दगड फोडण्यात खर्ची पडतो आणि खाली विवर पडतच नाही. त्यामुळे दोन-तीन मीटरांहून लहान विवरे बेन्नूवर अपेक्षेपेक्षा फारच थोडी आहेत. शिलाखंड हे त्या राशीचे चिलखत झाले आहेत. पण चिलखतावर वार उमटतात, तसे खुद्द शिलाखंडांवरही लहान खळगे आहेत, आणि त्यांची मोजदाद करून बेन्नू मुख्य पट्ट्यातून निसटून पृथ्वीच्या परिसरात येऊन किती काळ लोटला याचा हिशेब मांडण्यात आला : सुमारे साडेसतरा लाख वर्षे.

काळ्या दगडांच्या या गर्दीत सहा-सात दगड लखलखीत पांढरट दिसले. त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले असता पायरोक्सीन हे खनिज आढळले, जे बेन्नूच्या जातीच्या दगडांत अशा प्रमाणात असत नाही. ते दगड व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाचे, किंवा त्याच्या तुकड्यांचे असावेत. कोणत्या तरी जुन्या टकरीत ते या राशीत मिसळले. दुसऱ्या काही शिलाखंडांत पांढऱ्या शिरा दिसल्या, बोटाएवढ्या आणि त्याहूनही जाड, जवळजवळ मीटरभर लांब. त्या कार्बोनेटच्या आहेत. अशा शिरा दगडाच्या भेगांतून पाणी वाहिल्याविना तयार होत नाहीत. अर्धा किलोमीटरच्या कोरड्या राशीवर पाणी वाहणे अशक्य, तेव्हा ते पाणी त्या फुटलेल्या मूळ लघुग्रहात, सूर्यमालेच्या बालपणी वाहिले असले पाहिजे.

आता उतरण्याचा प्रश्न. पन्नास मीटरांची मोकळी जागा कोठेच नव्हती. संपूर्ण पृष्ठभागाचे, दर चित्रबिंदूला पाच सेंटिमीटर इतके बारीक असे चित्र तयार करण्यात आले. त्यासाठी दोन हजारांहून अधिक छायाचित्रे जोडली गेली. दगड मोजण्याच्या कामात साडेतीन हजारांहून अधिक सामान्य नागरिकांनी घरबसल्या संगणकावर भाग घेतला. अखेर चार जागा निवडल्या गेल्या, त्यांनाही पक्ष्यांचीच नावे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांतील नाइटिंगेल ही उत्तरेकडील एका विवरातील जागा पक्की झाली. तिची सुरक्षित रुंदी होती सुमारे १६ मीटर, आणि शेजारी दोन मजली घराएवढा एक सुळका. यान पृथ्वीपासून ३२ कोटी किलोमीटरांवर असताना संदेश जाण्यासच अठरा मिनिटे लागतात, तेव्हा येथून त्याला सावरणे शक्य नव्हते. उतरता उतरता यानाने स्वतःच खालची छायाचित्रे घ्यावयाची, आधी दिलेल्या नकाशाशी ताडून पाहावयाची आणि धोका वाटल्यास पाच मीटरांवरून माघारी वळावयाचे, अशी योजना नव्याने शिकवावी लागली.

२० ऑक्टोबर २०२० रोजी यान ठरलेल्या बिंदूपासून मीटरभराच्या आत टेकले. वेग होता सेकंदाला दहा सेंटिमीटर. हाताच्या टोकाची तबकडी पृष्ठभागाला लागली आणि थांबली नाही. ती सुमारे अर्धा मीटर आत गेली, आणि यानाने उलट जोर लावून स्वतःला मागे ओढले नसते तर आणखी गेली असती. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीत पाय दिला तर तो काही अंतर जाऊन थांबतो, कारण दाण्यांवर दाण्यांचा भार असतो. बेन्नूवर भार जवळजवळ नाहीच. वरचा थर नुसता परस्परांना टेकून बसलेला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे रस्त्यांच्या आणि इमारतींच्या बांधकामात आहेत, त्यांना खडीच्या ढिगाचा स्वभाव वेगळा सांगावयास नको. पण असा ढीग त्यांनीही पाहिला नसेल. जाण्यापूर्वी, एप्रिल २०२१ मध्ये, यानाने ती जागा पुन्हा वरून पाहिली. तेथे सुमारे आठ मीटर रुंदीचा नवा खळगा झाला होता आणि कित्येक टन माल विस्कटला होता. तोवर कोणत्याही छायाचित्रावरून पृष्ठभाग इतका सैल असेल असे कोणी म्हटले नव्हते.

तबकडीत इतके खडे भरले की मोठ्या खड्यांनी तिचे झाकण उघडे राहिले आणि काही माल अवकाशात सांडू लागला. म्हणून वजन करण्याचा बेत सोडून तो घाईने कुपीत बंद करण्यात आला. २४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटात उतरली. किमान ६० ग्रॅम हवे होते, मिळाले १२१.६ ग्रॅम. त्यांत पाण्याने बदललेली मातीसारखी खनिजे निघाली. खारे पाणी आटून मागे राहणारे क्षार निघाले. सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आणि आनुवंशिक द्रव्याचे पाचही मूळ घटक निघाले. जीवसृष्टीचा कोणताही पुरावा त्यांत नाही, हेही येथे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण या बातमीचा विपर्यास आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला. शिरांवरून केलेले पाण्याचे अनुमान मात्र हातात आलेल्या दगडांनी पक्के केले.

पृष्ठभाग सैल आहे की घट्ट, याला केवळ अभ्यासाचे मोल नाही. २४ सप्टेंबर २१८२ या दिवशी बेन्नू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २,७०० मध्ये एक एवढी आहे. ही शक्यता अल्प आहे, पण शून्य नाही. तो नेमका कोठून जाईल हे बऱ्याच अंशी त्याच्या अंगावरच्या उन्हावर अवलंबून आहे : तापलेली बाजू उष्णता बाहेर टाकते तेव्हा अगदी सूक्ष्म धक्का बसतो, आणि त्या धक्क्याने त्याची कक्षा दरवर्षी सुमारे २८४ मीटरांनी आत सरकते. दगड किती तापतात हे कळल्याविना हा हिशेब होत नाही. आणि पुढच्या कोणा पिढीला त्याला बाजूला ढकलावेच लागले, तर ज्याला ढकलावयाचे तो खडक नसून रास आहे, हे तिला माहीत असले पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट हे यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. त्याचा भ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला, अपेक्षेहून कितीतरी अधिक, कारण आघाताने उडालेल्या दगडमातीनेच उलट दिशेने मोठा रेटा दिला.

ओसायरिस-रेक्स कुपी टाकून थांबले नाही. नवे नाव घेऊन ते अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाकडे निघाले आहे. अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून, म्हणजे दूरचित्रवाणीचे उपग्रह फिरतात त्यांच्याही आतून, निघून जाईल. त्या वेळी पृथ्वीच्या ओढीने त्याच्यावरचे दगड हलतात का, उतारांवरचा माल घसरून खालचा ताजा थर उघडा पडतो का, हे यान त्यानंतर जवळ जाऊन पाहणार आहे. आज आमच्या वसतिगृहात असलेली सर्वांत लहान मुले तेव्हा अजून शाळेतच असतील.